हार्ट फेल्युअरचं पहिलं वर्ष: इको रिपोर्टात न मावणाऱ्या गोष्टी

हार्ट फेल्युअरचं निदान झालं, म्हणजे हृदय बंद पडलेलं नसतं पण अंगाला हवं तेवढं रक्त पुरवायला कमी पडतं, त्या आठवड्यात मी फोनवर मिळेल ते वाचत सुटले होते. त्यात दोनच प्रकार होते. एकात हृदयाचे कप्पे, झडपा आणि औषधांची लांबलचक नावं. दुसऱ्यात माणूस किती वर्षं काढतो याचे तक्ते. अंघोळीनंतर केस पुसता पुसता खाली का बसावं लागतं, फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिताना हात आपोआप खाली का येतो, आणि हे सगळं डॉक्टरांना सांगायचं तरी कसं, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. आता वर्ष झालं, म्हणून जमेल तसं लिहून काढतेय. मी शिक्षिका आहे, पन्नाशीच्या जरा अलीकडची. डॉक्टर नाही. गोळ्यांविषयी जे येईल ते माझ्या चिठ्ठीवरचं आहे. तुमच्या चिठ्ठीचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

मार्चमध्ये खोकला सुरू झाला. कोरडा, आणि आडवं झालं की जास्त. खोकल्याचं औषध झालं, ॲलर्जीची गोळी झाली, मग इनहेलर आला. एप्रिलमध्ये एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. बुटाची नाडी बांधायला वाकलं की श्वास कोंडायचा आणि सरळ झालं की सुटायचा. वाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत लागणाऱ्या या धापेला बेंडोप्निया असं नाव आहे आणि तेही २०१४ सालचं, म्हणजे तसं ताजंच. त्यामुळे याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. तुम्हाला होत असेल तर आपणहून सांगा. संध्याकाळी मोज्याचा वळ पोटरीवर खोल उमटलेला असायचा आणि बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. मी ते दिवसभर उभं राहण्याच्या खात्यात टाकत होते.

मेच्या सुरुवातीला एका रात्री झोपेतून गुदमरून उठले आणि खिडकीच्या गजांना धरून उभी राहिले. नवऱ्याने गाडी काढली. ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्तात एनटी-प्रोबीएनपी, आणि सकाळी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदय ताणलं गेलं की हे प्रोबीएनपी रक्तात वाढतं, त्यामुळे धाप फुप्फुसाची की हृदयाची याचा अंदाज लवकर येतो. इकोत ईएफ आला २७. पुढे अँजिओग्राफी झाली, रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. निष्कर्ष: हृदयाचा स्नायू पातळ होऊन डावा कप्पा फुगलाय, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, कारण सापडलं नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण मला ती दोन दिवसांनी कळली आणि ते दोन दिवस फार वाईट गेले. ईएफ २७ म्हणजे हृदय २७ टक्के उरलंय असं नाही. डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं त्यातलं किती टक्के एका ठोक्याला बाहेर पडतं, तो हा आकडा. धडधाकट माणसाचाही तो १०० नसतो, साधारण ५५ ते ७०च्या दरम्यान असतो. आणि ईएफ ५०च्या वर असूनही हार्ट फेल्युअर असणारे खूप लोक आहेत. त्यांचं हृदय पिळलं नीट जातं, पण सैल होऊन भरत नाही. धाप तीच, थकवा तोच.

रुग्णालयात शिरेतून लघवीचं औषध दिलं आणि अंगात साचलेलं पाणी उतरलं. रोज पहाटे वजनकाट्यावर उभं करायचे. डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घरी जायची घाई असते, पण कागद तिथेच नीट बघून घ्या. पाणी उतरल्यानंतरचं, म्हणजे 'कोरडं' वजन डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. पुढची सगळी मोजमापं त्यावर बेततात. क्रिएटिनिन-पोटॅशियमची (मूत्रपिंड आणि रक्तातले क्षार बघणारी) पुढची तपासणी कधी आणि रात्री त्रास झाला तर नेमका कुणाला फोन करायचा, हेही लिहून घ्या. विम्यासाठी बिलाची फोड, तपासण्यांचे मूळ रिपोर्ट आणि औषधांच्या पावत्या वेगवेगळ्या घ्याव्या लागतात. माझा दावा एकदा परत आला, कारण हा आजार पॉलिसी घेण्याआधीपासूनचा नाही असं डॉक्टरांचं पत्र हवं होतं. ते पत्र मिळायला दोन आठवडे गेले, सही करणारे डॉक्टर रजेवर होते म्हणून. हे पत्र डिस्चार्जबरोबरच मागता येतं. आणि खर्चाचा हिशेब करताना रुग्णालयाच्या बिलावरच थांबू नका. ते एकदाच येतं, गोळ्यांचं दर महिन्याला, आणि माझ्या पॉलिसीत गोळ्या बसत नव्हत्या. त्याच औषधाचा स्वस्त पर्याय चालेल का, हे विचारायला लाजू नये. माझ्या दोन गोळ्या अशा बदलून मिळाल्या.

घरी आल्यावर पहिले तीन महिने गोळ्या चढवण्यात गेले. ईएफ कमी असलेल्यांना हल्ली चार प्रकारची औषधं देतात: रक्तवाहिन्या सैल करणारी सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन, नाडी धीमी करणारा बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही शेवटची मुळात मधुमेहाची. हृदयासाठी तिचा उपयोग २०१९च्या डापा-एचएफ चाचणीत ठळक दिसला, मधुमेह नसलेल्यांमध्येसुद्धा. मला मधुमेह नाही. औषधाच्या दुकानात पोराने चिठ्ठी बघून "शुगर कधीपासून?" विचारलं तेव्हा जरा गोंधळ उडाला होता.

चारही सुरू करायच्या, पण कमी डोसाने, आणि मग दर दोन-तीन आठवड्यांनी बीपी, नाडी आणि रक्त बघत वाढवत न्यायच्या. हे दिवस कुणी फारसे वर्णन करत नाही. बीटा-ब्लॉकरचा डोस वाढला की मी आठ-दहा दिवस ओल्या वाळूतून चालल्यासारखी चालायचे. मग अंग सरावायचं, जरा बरं वाटायला लागायचं, तोवर पुढचा डोस. पलंगावरून उठताना चक्कर यायची. बीपी वरचं ९५च्या आसपास. आधी कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं, हे अंगवळणी पाडून घेतलं. या काळात 'औषधानेच मी आजारी पडतेय' असं वाटतं. मला वाटलं. गोळ्या आपल्या मनाने सोडण्याऐवजी त्यांच्या वेळा बदलता येतील का, हे मी विचारलं. दोन गोळ्या सकाळी आणि एक रात्री, अशी फोड करून मिळाली, चक्कर बरीच कमी झाली.

लघवीची गोळी हे वेगळंच प्रकरण. ती घेतल्यावर पहिले काही तास घराबाहेर पडायची सोय नाही. ज्या दिवशी बाहेर काम असेल त्या दिवशी गोळी उशिरा घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घेतलं. "चालेल, पण संध्याकाळ करू नका, नाहीतर रात्रभर जागाल," असं उत्तर आलं. एवढ्या एका वाक्याने मी पुन्हा माणसांत जायला लागले. वजन मात्र रोज: सकाळी, लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर फोन. दोन किलो चरबी तीन दिवसांत वाढत नसते, ते पाणीच असतं.

मिठाबद्दल आणि पाण्याबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो. माझ्या डॉक्टरांनी वरून मीठ घ्यायचं नाही आणि पाकिटावरचा सोडियमचा आकडा वाचायचा, एवढंच सांगितलं. मिठाचं पथ्य अगदी कडक केलं तर फायदा होतो का हे सोडियम-एचएफ नावाच्या चाचणीत तपासलं, २०२२ साली निकाल आला. दवाखान्याच्या फेऱ्या आणि मृत्यू यांत ठळक फरक पडला नाही. जगण्याची गुणवत्ता मात्र थोडी सुधारली. माझ्यापुरतं मला ते पटलं, कारण कमी मिठाच्या आठवड्यात पाय हलके असतात. पाण्यावर मला सरसकट बंधन घातलेलं नाही. काही सापळे मात्र लक्षात ठेवा. 'लो सोडियम' म्हणून विकलं जाणारं मीठ बहुधा पोटॅशियमचं असतं, आणि आपल्या गोळ्या आधीच पोटॅशियम वाढवणाऱ्या असतात. आणि सांधेदुखीसाठी आपण सहज घेतो त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांतही सोडियम असतं.

आता अंघोळीबद्दल. हसू येईल, पण या आजाराचा खरा मुक्काम न्हाणीघरात असतो. कोंडलेली खोली, गरम पाण्याची वाफ, उभं राहणं, हात डोक्याच्या वर, पायाला साबण लावायला वाकणं, आणि शेवटी अंग पुसणं. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल होतात, बीपी आणखी खाली येतं. जूनमध्ये मी केस धुवायचे त्या दिवशी दुसरं काहीच करायचे नाही. मग उपाय सुचत गेले. बसायला स्टूल घेतलं. पाणी कोमट. दार आतून बंद न करता नुसतं लोटून घ्यायचं. अंग पुसण्यात सगळ्यात जास्त दम जातो, म्हणून जाड पंच्याचा अंगरखा शिवून घेतला. तो चढवायचा आणि दहा मिनिटं पलंगावर बसायचं, पाणी आपोआप टिपलं जातं. केस धुण्याची वेळ सकाळची होती ती दुपारी नेली. कारण सकाळी गोळ्या नुकत्याच घेतलेल्या असतात आणि बीपी सर्वांत खाली असतं.

हे सगळं जमवून घेतल्यावर एक विचित्र गोष्ट झाली: मला त्रास होईनासा झाला. डॉक्टर विचारायचे, "कसं वाटतंय? चालताना धाप?" मी म्हणायचे, "बरंय, नाही लागत." खोटं नव्हतं ते. धाप लागत नव्हती, कारण धाप लागेल असं मी काही करतच नव्हते. जिना सोडला होता. बाजार नवऱ्याकडे गेला होता. मैत्रिणीकडे जाणं बंद, कारण ती तिसऱ्या मजल्यावर राहते. मोठ्याने वाचून दाखवणं बंद. कागदावर माझी नोंद 'एनवायएचए २' अशी होत होती. ही न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनची चार पायऱ्यांची वर्गवारी, १९२८ पासूनची: १ म्हणजे नेहमीच्या हालचालीत काही त्रास नाही, ४ म्हणजे बसल्या जागी धाप. पण 'नेहमीची हालचाल' कुणाची? मार्चमधली माझी की जुलैमधली? हा प्रश्न त्या वर्गवारीत कुठेच येत नाही, आणि माझ्या मते तिची खरी गोची तीच आहे.

जुलैच्या शेवटी डॉक्टरांकडच्या सिस्टरनी मला एक प्रश्नावली भरायला दिली, कॅन्सस सिटी कार्डिओमायोपॅथी प्रश्नावली. २००० सालापासून वापरात आहे. मूळ रूपात २३ प्रश्न, शिवाय १२ प्रश्नांचं छोटं रूपही आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात: कपडे घालणं, अंघोळ, सपाट रस्त्यावर चालणं, न थांबता जिना चढणं, घाईने चालणं, यातलं कशाला किती अडलं, पाय किती वेळा सुजले, रात्री बसून किंवा उशांच्या चळतीवर झोपावं लागलं का, त्रास वाढला तर काय करायचं हे माहीत आहे का. मग आणखी पुढे जातात: छंद, काम, माणसांकडे जाणं-येणं, जवळच्या व्यक्तीशी शरीरसंबंध. आणि एक प्रश्न असा की आत्ता आहे तसंच कायम राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल. त्यावर माझं पेन बराच वेळ अडलं.

सिस्टर म्हणाल्या, "घरच्यांनाही एक भरू दे. तुमच्याबद्दलची." लेकीने भरली. दोन्ही कागद शेजारी ठेवले. 'न थांबता जिना' यापुढे मी खूण केली होती 'थोडंसं अडतं', तिने 'करत नाही'. ती म्हणाली, "आई, तू शेवटचा जिना कधी चढलीस सांग बरं." मला आठवेना. गुण ० ते १००, जास्त तेवढं चांगलं. सिस्टरबरोबर बसून पुन्हा भरल्यावर माझे आले ४३. पाच गुणांचा फरक हा माणसाला जाणवणारा फरक मानतात, म्हणजे दर वेळी काय बदललं हे त्यावरून बोलता येतं.

तेव्हापासून मी भेटीला जाताना एक चिठ्ठी नेते. तिच्यावर 'काय त्रास होतोय' याची यादी नसते, 'काय करणं सोडलंय' याची असते. डॉक्टरांकडे वेळ मोजून सहा-सात मिनिटं असतो, तेवढ्यात ही यादी वाचून होते. पहिल्याच खेपेला त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "वाचून दाखवणं का बंद?" मी म्हटलं, वाक्याच्या मध्ये श्वास घ्यावा लागतो आणि मुलं वर बघतात.

त्या भेटीतून दोन तपासण्या निघाल्या. एक सहा मिनिटं चालण्याची. तीस मीटरचा मोकळा पॅसेज, दोन टोकांना शंकू, आणि सहा मिनिटांत जेवढं कापता येईल तेवढं अंतर. थांबलात, भिंतीला टेकलात तरी चालतं, घड्याळ मात्र थांबत नाही. सोबतचा माणूस तुमच्याबरोबर चालत नाही आणि ठरावीक वाक्यांपलीकडे प्रोत्साहनही देत नाही, त्याने आकडा बदलतो म्हणून. मला ते जरा तुसडं वाटलं होतं. कारण नंतर कळलं. पायात रोजचे बूट असू द्या आणि आधी दोन तास धावपळ करू नका. माझे ३१० मीटर झाले.

दुसरी लोहाची. माझं हिमोग्लोबिन ठीक होतं, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. पण फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा सांगणारा आकडा, होता ६१. हार्ट फेल्युअरमध्ये फेरिटिन १००च्या खाली असेल तर लोह कमी आहे असं धरतात (१०० ते २९९ असेल आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलंय ते, २० टक्क्यांच्या खाली असेल तरीही), हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी. स्नायूंना ऊर्जा बनवायला लोह लागतं, ते नसलं की पाय जड होतात. मी म्हटलं, गोळ्या द्या. डॉक्टर म्हणाले, या आजारात लोहाच्या गोळ्यांचा उपयोग दिसलेला नाही, शिरेतून द्यावं लागेल. सप्टेंबरमध्ये डे-केअरला जाऊन सलाईनमधून घेतलं. पंधरा-वीस मिनिटांचं काम, पण नंतर अर्धा तास नजरेखाली बसवून ठेवतात. विम्याची मंजुरी यायला लागलेला वेळ त्याच्या कितीतरी पट. 'दाखल न होता घेतलेला उपचार' हा रकाना त्यांच्याकडे वेगळा असतो. म्हणून आधी फोन करून कोणता फॉर्म लागेल हे विचारा.

ऑगस्टअखेर इको झाला होता. औषधं पुऱ्या ताकदीने निदान तीन महिने झाल्यावर ईएफ ३५ किंवा त्याखालीच राहिला तर छातीत आयसीडी बसवायचा विचार करतात. हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडले तर ते यंत्र शॉक देतं. माझा आला ३७. घरात सगळे आनंदले, डॉक्टर आनंदले. मीही, पण त्या दिवशी प्रश्नावलीचे गुण ४५ होते. दहा टक्के ईएफ वाढला आणि माझा दिवस होता तेवढाच राहिला.

दिवस बदलला तो पुनर्वसनाच्या व्यायामाने, म्हणजे कार्डिॲक रिहॅबने. त्याच्यासाठी यादीत नाव घालून ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. निदान झाल्या झाल्याच नाव घालायला सांगा, रांग असते. हृदय थकलंय तर त्याला व्यायाम कसला, हे मला सगळ्यांनी ऐकवलं. पूर्वी डॉक्टरही विश्रांतीच सांगायचे. २००९ मध्ये एचएफ-ॲक्शन ही दोन हजारांहून जास्त रुग्णांची चाचणी आली आणि देखरेखीखालचा व्यायाम सुरक्षित असल्याचं तिच्यात दिसलं; जगण्याच्या गुणवत्तेत थोडी का होईना, पण टिकणारी सुधारणाही दिसली. तिथे नाडीपेक्षा 'किती जड जातंय' हे विचारतात, कारण बीटा-ब्लॉकरमुळे नाडी वर जातच नाही. ६ ते २० अशी बोर्ग मोजपट्टी (६ म्हणजे काहीच जड नाही, २० म्हणजे अगदी शेवटचा जोर) भिंतीवर लावलेली असते, आपण ११ ते १३ च्या आसपास राहायचं. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. पहिले तीन आठवडे घरी येऊन झोपत होते. पाचव्या आठवड्याच्या सुमारास एके दिवशी केस धुतले आणि तसंच स्वयंपाकघरात गेले, न बसता. ते लेकीच्याच लक्षात आलं.

शाळेची गोष्ट लांबली, पण ती सांगितलीच पाहिजे. वैद्यकीय रजा संपत आली होती. रुजू होण्यासाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं. त्या छापील नमुन्यात दोनच पर्याय: कामासाठी योग्य, कामासाठी अयोग्य. योग्य म्हटलं तर दुसऱ्या मजल्यावरचे सलग चार तास. अयोग्य म्हटलं तर घरी. कार्यालयातल्या बाबूंचं म्हणणं, "मॅडम, मधला रकाना नाही हो." मी डॉक्टरांकडून वेगळं पत्र घेतलं, आणि त्यात निदानापेक्षा कामाची भाषा वापरायला सांगितली. 'ईएफ ३७' वाचून मुख्याध्यापकांना काय कळणार? पत्रात असं होतं: तळमजल्यावरचा वर्ग, सलग दोनपेक्षा जास्त तास नकोत, वर्गात बसून शिकवण्याची मुभा, वजन उचलण्याचं आणि मैदानावरचं काम नाही, हे सहा महिन्यांसाठी, नंतर फेरतपासणी. मुदत घातली की द्यायला त्यांना सोपं जातं. सोबत चालण्याच्या तपासणीचा कागद जोडला. अर्ज दोन प्रतींत केला, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. या शिक्क्याला फार किंमत आहे. पहिला अर्ज टेबलावरच हरवला तेव्हा माझ्याकडे पोच होती म्हणून तारीख धरली गेली. जानेवारीत रुजू झाले. फळ्याची वरची ओळ एक मुलगी लिहिते, रोज वेगळी. त्यावरून वर्गात भांडणं होतात.

मनाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते लिहिणं अजूनही जड जातं. या आजारात साधारण पाचातल्या एकाला नैराश्य गाठतं. थकवा, झोप न लागणं, भूक न लागणं ही दोन्हींकडची लक्षणं असल्यामुळे ते हृदयाच्या नावावर खपून जातं. नोव्हेंबरमध्ये माझं तसं झालं. समुपदेशन घेतलं, अजून महिन्यातून एकदा जाते. कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलात तर हृदयाच्या गोळ्यांची यादी दाखवा. घरच्यांचा जीव लावणंही कधी कधी अंगावर येतं. "तू बस, मी करते" हे दिवसभर ऐकून माणूस खरंच बसून राहतं. आम्ही घरात ठरवलं की मी म्हटल्याशिवाय कुणी हातातलं काम काढून घ्यायचं नाही. नवऱ्याला जमायला वेळ लागला. शरीरसंबंधांबद्दल डॉक्टर आपणहून बोलत नाहीत. मी विचारलं, सरळ उत्तर मिळालं: दोन जिने बेताच्या वेगाने चढून त्रास होत नसेल तर हरकत नाही. पुरुषांनी मात्र सिल्डेनाफिलसारखी गोळी परस्पर घेऊ नये. नायट्रेट (छातीतल्या दुखण्यावरचं औषध) चालू असेल तर ती जिवावर बेतू शकते.

जानेवारीत पुन्हा सगळं मोजलं. चालणं ३९५ मीटर, प्रश्नावलीचे गुण ७१, इको ३८. सिस्टरनी तीनही आकडे एका ओळीत लिहून दाखवले. ईएफ एकाने वाढला होता, एवढा फरक तर दोन इको करणाऱ्यांच्या हातातही पडतो. म्हणजे मधल्या पाच महिन्यांत जे बदललं ते या आकड्याच्या बाहेर बदललं होतं: लोह, पाय, श्वास, झोप, शाळा.

वाईट दिवस अजून येतात. फेब्रुवारीत पोट बिघडलं, उलट्या-जुलाब. अशा वेळी लघवीची गोळी आणि डॅपाग्लिफ्लोझिन तात्पुरती थांबवावी लागू शकते, नाहीतर अंगातलं पाणी भलतंच उतरतं. पण कोणती आणि किती दिवस हे फोनवर विचारूनच. 'आजारपणाच्या दिवशी काय करायचं' हे आधीच लिहून घेतलं होतं, ते कामी आलं. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घेतल्यात. थकव्याचा दिवस आला की पूर्वी घाबरायचे. आता आधी वजन बघते, मग पाय दाबून बघते, मग उशा मोजते. तिन्ही जागच्या जागी असतील तर तो नुसता थकव्याचा दिवस.

हल्ली लोक विचारतात, "आता चांगली दिसतेस, गोळ्या कधी बंद?" हा प्रश्न मी डॉक्टरांनाही विचारला होता. त्यांनी ट्रेड-एचएफ नावाच्या छोट्या चाचणीचं सांगितलं, २०१८ची. माझ्यासारखाच आजार असलेले, पण ईएफ पूर्ण सुधारलेले, काही त्रास नसलेले ५१ लोक. देखरेखीखाली हळूहळू औषधं काढली, तर सहा महिन्यांत साधारण ४० टक्क्यांचा आजार परतला. माझा ईएफ तर तिथवर पोचलेलाही नाही. त्यामुळे गोळ्या चालू राहणार, आणि मी सुटीला निघताना त्या दोन ठिकाणी विभागून नेते, अर्ध्या पर्समध्ये, अर्ध्या बॅगेत, चिठ्ठीच्या फोटोसकट.

पुढची भेट जूनमध्ये आहे. चिठ्ठीवर सध्या तीन ओळी आहेत. वजन चार महिने स्थिर आहे तर लघवीची गोळी कमी करता येईल का. फेरिटिन पुन्हा कधी तपासायचं. आणि मैत्रिणीचा तिसरा मजला: दोन मजले थांबत थांबत होतात, तिसऱ्याला अजून पाय थरथरतात, तर यासाठी रिहॅबमध्ये पायांचे वेगळे व्यायाम मिळतील का.